तिवईचे तीन पाय

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने तरी विशेषणांना भुलू नये. मी भुललो. 'उंच, हलका, स्वस्त' असे दुकानदार म्हणाला आणि मी ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिवई, बगलेत मारून घरी आलो. "तुमच्याहून उंच आहे," एवढाच अभिप्राय सौभाग्यवतींनी दिला.

सप्टेंबरात आम्ही साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठाराचे वैभव गुडघ्याच्या खाली असते. 'सीतेची आसवे' हे निळेजांभळे फूल तर नखाएवढे! माझी उंच तिवई काही केल्या कमरेखाली वाकेना. पाय फाकवावेत, तर मधला दांडा जमिनीला टेकायचा. इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर भाग रेखीव येतो. वाऱ्याने हलक्या तिवईला जरासा धक्का दिला की तोही गेला.

जागा शोधता शोधता मी पायवाट सोडली. एवढ्यात मुलगी ओरडली, "बाबा, सीतेची आसवे तुडवताय तुम्ही!"

टाचेखाली चार फुले चिरडली होती. फुलाचा फोटो मला हवा होता, तो फुले आवडतात म्हणूनच ना? त्या दिवशी कॅमेरा पुन्हा पिशवीबाहेर निघाला नाही.

दुसरी तिवई घेताना मी दुकानात चक्क जमिनीवर बसलो. प्रत्येक पाय वेगवेगळ्या कोनात उघडतो ना, मधला दांडा काढता येतो ना, कॅमेरा वीतभर उंचीपर्यंत उतरतो ना, हे पाहिले. माथ्यावर तळहाताने दाबले. पाय लचकले नाहीत. कार्बन फायबरची हलकी होती, पण खिशाला जड. म्हणून ॲल्युमिनियमचीच घेतली. वारा असला की तिला झोळी अडकवतो. बटण दाबल्याचा हादरा नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावतो.

पुढच्या वर्षी पुन्हा कासला गेलो. पायवाटेच्या कडेला उघडा कातळ होता, त्यावर तिन्ही पाय रोवले आणि वारा पडण्याची वाट पाहिली. जिथे असा कातळ नव्हता, तिथले फूल नुसते डोळ्यांनी पाहून घेतले.

वाचकहो, तिवई निवडताना तिचे तीन पाय जरूर तपासा. पण फुलांत शिरताना आपले दोनही तपासावेत, हे मला मुलीने शिकवले.