कचऱ्यातील नफा कोणाचा?

कचऱ्यातून सोने काढून देतो, असे सांगणाऱ्यांची अलीकडे वाण राहिलेली नाही. यंत्रांची रंगीत चित्रे काखोटीस मारून ही मंडळी नगरपालिकांचे उंबरठे झिजवितात, भांडवलदारांस सरस परताव्याची ग्वाही देतात, आणि गावाबाहेरचा डोंगर परस्पर नाहीसा होणार या आशेने नगरपितेही माना डोलवितात. कचऱ्यात पैसा आहे हे आम्हांस मान्य आहे. तो कोणत्या कचऱ्यात आहे, एवढी चौकशी मात्र पैसा घालणाऱ्याने आधी करावयास हवी.

दिल्लीने ती केली नाही. १९८७ साली तिमारपूर येथे डेन्मार्कची भट्टी उभारण्यात आली. रोज ३०० टन कचरा जाळून वीज काढण्याचा बेत होता. भट्टी तीनएक आठवडेच चालली. भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न आणि झाडलोटीची माती यांनी भरलेला आपला कचरा पेटावा तसा पेटेना. राख झाली ती कोट्यवधी रुपयांची!

होळकरांच्या इंदूरने दुसरी वाट धरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे सुरू झालेल्या कारखान्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७ हजार किलो सी.एन.जी. व १०० टन खत देण्याची आहे. जो ओलावा तिमारपुरास भोवला, तोच येथे बंद टाक्यांतील जिवाणूंच्या पथ्यावर पडतो. १५० कोटींचे भांडवल खाजगी कंपनीने घातले, कारण महापालिकेने निदान निम्मा वायू शहराच्या बसगाड्यांसाठी घेण्याचे पत्करले होते. गिऱ्हाईक असे आधीच ठरले. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, कारखान्याची वीट बसण्यापूर्वी काही वर्षे इंदूरच्या गृहिणींनी ओला व सुका कचरा निराळा देण्याचा परिपाठ पाडून घेतला होता. प्लास्टिक, काचा आणि औषधांच्या पट्ट्या मिसळलेला माल त्या टाक्यांनी घेतला नसता.

आमच्या मुंबईत काय आहे? देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. टाकीत कोंडला असता विकता येणारा मिथेन तेथे उघड्यावर सुटतो. २०१६ च्या आगीचा धूर मुंबईकर विसरले नसतील. ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा करण्याचे नियम त्याच वर्षी झाले. तथापि उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या सोसायट्यांतूनही डब्यांचे रंग तेवढे निराळे, आतला ऐवज एकच!

यात ठेकेदाराचा तोटा नाही. त्यास वाहिलेल्या टनांवर पैसे मिळतात, तेव्हा मातीने जड झालेली गाडी त्यास लाभाचीच. कागद, काच, पत्रा वेचून त्यांस बाजार मिळवून देणाऱ्या स्त्रिया या धंद्यातील खऱ्या आद्य उद्योजक. पुणे महापालिकेने २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी करार केला. अन्यत्र मोठे भांडवल आले की पहिले कुंपण पडते ते बहुधा त्यांच्याच वाटेवर.

म्हणून यापुढील प्रत्येक करारात मोबदला वाहिलेल्या वजनावर न देता विकल्या गेलेल्या वायूवर व खतावर द्यावा, सुक्या मालावरील वेचकांचा हक्क लेखी नोंदवावा, आणि सह्या होण्यापूर्वी तो मसुदा नागरिकांपुढे ठेवावा, अशी आमची महापालिकेकडे मागणी आहे.