कोंबड्याने आखलेली सीमा

फ्लॉरेन्सहून सिएनाला मोटारीने जायचे तर रस्ते दोन. जलद रस्त्याने तासा-सव्वा तासात पोहोचता येते. आमच्या बेतात मात्र जुना कियांतिजाना आहे, रस्ता क्रमांक २२२. अंतर सुमारे ७० किलोमीटर, पण वळणे, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा पाहता अख्खा दिवस राखून ठेवलाय. ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेलिना असे थांबत जायचे.

कास्तेलिनाच्या पुढचे फोंतेरूतोली हे खेडे मी वहीत अधोरेखित केले आहे. मध्ययुगात या दोन नगरांचा सीमेवरून उभा दावा. १२६० मध्ये मोंतापेर्तीला मोठी लढाईही झाली. दंतकथा अशी की, कोंबडा आरवताच दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघावा आणि भेटतील तिथे सीमा, असे ठरले. सिएनाने पांढऱ्या कोंबड्याला भरपूर खाऊ घातले. फ्लॉरेन्सने काळ्याला उपाशी ठेवले. तो बिचारा पहाटेआधीच आरवला! स्वार भेटले ते पार सिएनाजवळ, फोंतेरूतोलीपाशी. आज तोच काळा कोंबडा दोन्हीकडच्या कियांती क्लासिको वाईनच्या बाटल्यांवर मिरवतो.

निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. दोन्ही शहरांच्या जुन्या भागात परवान्याविना गाडी नेली, तर कॅमेरा टिपतो आणि दंड येतो. गाडी बाहेरच ठेवावी.

आणि ज्यांच्या घरी कोंबडा नि हुंज एकाच अंगणात आरवतात, त्यांनी फोंतेरूतोली चुकवू नये.