मोडीत घालण्यापूर्वी

दिवाळी तोंडावर आली की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. गळका बंब, कान तुटलेली कढई, पाय मोडलेला पाट असे सारे अंगणात येते आणि मोडवाला तागडी घेऊन दारात बसतो. अशा वेळी घरातली म्हातारी एखाद्या भांड्यावर हात ठेवते आणि म्हणते, "एवढे राहू द्या. हे कुठून आले ते तुम्हांला ठाऊक नाही." तिच्या या अडवणुकीला आपण हसतो. मला आज तीच अडवणूक करायची आहे. फक्त माझे भांडे जरा मोठे आहे.

वऱ्हाडात मूर्तिजापूरपासून दोन बाजूंना अडीच फुटी रुळांची वाट जाते. एक फाटा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला, ७६ किलोमीटर. लोकांनी या गाडीला लाडाने 'शकुंतला' म्हटले. गेली काही वर्षे गाडी बंद आहे आणि तिची स्टेशने व यार्डे ओसाड पडली आहेत. अशा जागा शोधत हिंडण्याचा मला नाद आहे. सुटीत इतर मास्तर देवदर्शनाला जातात. मी टाकून दिलेल्या रेल्वेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो.

तेथे मला दोन प्रकारची माणसे भेटतात आणि माझे भांडण दोघांशीही आहे. पहिले व्यवहारी सद्गृहस्थ. ते म्हणतात, "मास्तर, यात पाहण्यासारखे काय? लोखंड विकावे, जागा मोकळी करावी." दुसरे हौशी. गळ्यात कॅमेरा अडकवून ते येतात, गंजलेल्या वाघिणीवर चढून फोटो काढतात आणि "किती सुंदर, किती उदास!" असे उसासे टाकून निघून जातात. एकाला लोखंडाचे वजन दिसते, दुसऱ्याला गंजाचा रंग. येथे काम काय चालत होते, हे विचारायला दोघांनाही सवड नसते.

काम काय चालत होते ते सांगतो. १८६७ साली मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. आडगावचा कापूस त्या रेल्वेपर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ही छोटी लाईन घातली गेली. मालकी एका इंग्रजी कंपनीची; व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही लाईन पुढेही अनेक वर्षे कंपनीच्याच नावावर राहिली. आपली रेल्वे गाडी चालवी आणि कंपनीला मोबदला देई. ती ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले होते. ते १५ एप्रिल १९९४ रोजी थांबले, तेव्हा मालक देश सोडून गेल्याला सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. लाडाच्या नावामागचा हा हिशेब आमच्या हौशी मित्रांनी एकदा वाचावा. ही गाडी आपल्या आजीसाठी घातलेली नव्हती. आजी पुढे तिच्यात बसली, एवढेच.

आता व्यवहारी सद्गृहस्थांकडे वळतो. मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपाच फूट अंतराचे, छोटीचे अडीच फूट. म्हणजे तीन फुटांचा फरक. या तीन फुटांमुळे छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊच शकत नसे. कापसाची दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे पावणेदोनशे किलोंहून थोडी अधिक. तिकडची गाठ इकडे आणायची तर मालधक्क्यावर माणसाच्या पाठीशिवाय उपाय नव्हता. इंजिनिअरांनी कागदावर वाचवलेला खर्च हमालांच्या मणक्यांनी भरून काढला. सोन्याच्या दराने विकलेल्या वऱ्हाडी कापसाच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकतो; त्या गाठी उचलणाऱ्या एकाही माणसाचे नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात नाही. ते पुस्तक त्या धक्क्याच्या झिजलेल्या दगडांत आहे. आणि आपण ते किलोच्या भावाने विकायला निघालो आहोत!

कोणी म्हणेल, "संग्रहालये आहेत ना!" आहेत. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या रेल्वेचे चांगले संग्रहालय आहे. मुलांना अवश्य न्यावे. पण रंग देऊन बागेत उभे केलेले इंजिन म्हणजे कोटबूट घालून फोटोला बसवलेला शेतकरी. इंजिन पाणी कुठे घेई, राख कुठे टाकी, सांधेवाला कोणत्या उन्हात उभा राही, धक्का शेडपासून किती लांब, हे यार्डातच कळते. या गाडीचा गार्ड तिकिटे देई आणि वाटेत उतरून फाटकही लावी. असल्या संसाराची गोष्ट एकट्या इंजिनाला सांगता येत नाही.

"हे श्रीमंत देशांचे चोचले," असाही एक आक्षेप येतो. बर्लिन शहरात टेम्पेलहोफचे प्रचंड यार्ड १९५२ नंतर ओस पडले. रुळांमधून झाडे उगवली. नागरिक भांडले आणि २००० साली तेथे सुमारे १८ हेक्टरांचे उद्यान खुले झाले. रूळ जागेवर, पाण्याचा मनोरा जागेवर, झाडेही जागेवर. युद्धात जमीनदोस्त झालेल्या शहराला टाकून दिलेल्या जागेची किंमत कळली. न मोडणे हा चोचला नव्हे. मोडायलाही पैसे पडतातच.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणी मला प्रगतीचा वैरी ठरवणार नाही. या भागाला मोठी रेल्वे हवीच. वर्धा-कळंब मार्गावर २०२४ मध्ये गाडी सुरू झाली, तेव्हा मलाही आनंद झाला. कारंजाच्या मुलीला कॉलेजला जायला गाडी मिळत असेल, तर माझ्या आठवणींखातर एकही रूळ अडून राहू नये. पण नवा मार्ग घालताना एक शेड, एक सांधा आणि मालधक्क्याचा एक तुकडा जागेवर राखला, तर कोणत्या गाडीला उशीर होणार आहे? धक्क्याशेजारी एक दगड लावावा आणि त्यावर खलाशी, गँगमन, सांधेवाले, हमाल यांची मिळतील तितकी नावे कोरावी. साहेबांची नावे कागदोपत्री आहेतच.

ही नावे कोण गोळा करणार? सरकारी समिती नेमली, तर तिचा अहवाल यायच्या आत नावे ठाऊक असणारे जातील. म्हणून हे काम मी वाचकांच्या घरावर टाकतो. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन गावातल्या एखाद्या वृद्ध रेल्वे कामगाराकडे जा. बरोबर मुलांना न्या, वही न्या. वाघीण कशी जोडीत, रात्रपाळीला जेवण कोण आणून देई, अपघातात कोणाचा हात गेला, हे विचारा आणि मुलांकडून लिहून घ्या. यार्डात मात्र आडवाटेने शिरू नका. रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणे १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गवतात झाकलेला खड्डा व साप कोणाची हौस पाहत नाहीत. रीतसर अर्ज करा. एका अर्जाला उत्तर येणार नाही; गावातल्या दहा शाळांनी दहा अर्ज केले, तर कोणीतरी किल्ली शोधू लागेल.

अर्जाचा मसुदा मी आमच्या सातवीच्या वर्गाकडून लिहून घेतला आहे. सुटी संपली की तो टपालात पडेल. तुमच्या गावच्या शाळेचा केव्हा पडणार?