सायकल चालवा, पण कुठे?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. डोंबिवलीतील एक गृहस्थ दवाखान्यात आले, तेव्हा त्यांचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता. वय 51, बँकेत नोकरी, रक्तदाब किंचित वर, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3. म्हणजे मधुमेह अद्याप झालेला नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे. चार महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या कागदावर लिहिले होते : रोज अर्धा तास सायकल. त्यांनी सायकल घेतली, संध्याकाळी हमरस्त्यावर चालवू लागले, आणि एका टेम्पोने अगदी जवळून हूल दिल्यावर पुढचे चाक पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यामधल्या फटीत अडकले. कॉलरबोन, म्हणजे गळ्याजवळचे आडवे हाड, मोडले.

"डॉक्टर, सायकल चालवा म्हणालात तुम्ही," ते शांतपणे म्हणाले, "पण कुठे चालवायची ते नव्हतं सांगितलंत."

हे वाक्य मला फार लागले. पंचवीस-तीस वर्षे मी व्यायाम लिहून देत आलो आहे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो आकडा मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. औषध लिहिताना ते जेवणाआधी की नंतर, हे आम्ही आवर्जून सांगतो. व्यायामाचे स्थळ मात्र रुग्णाने आपले आपण शोधायचे! कल्याण-डोंबिवलीत ते शोधणे किती कठीण आहे, हे येथे राहणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय सायकलस्वार जोराने श्वास घेत असतो. बसमध्ये बसलेल्या माणसापेक्षा त्याच्या फुप्फुसात हवा अधिक जाते, आणि तिच्याबरोबर धूरही.

फ्रान्समध्ये या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच, जवळजवळ अनवधानाने तयार झाले. तेथील जंगलांत लाकूड वाहून नेण्यासाठी वनखात्याने खडी दाबून कच्चे रस्ते केले आणि त्यांच्या तोंडाशी आडवे दांडे टाकून मोटारींना मज्जाव केला. पॅरिसजवळच्या फाँतेन्ब्लोच्या अरण्यात लोक लोकलगाडीने जातात आणि अशा वाटांवर दिवसभर सायकल चालवतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचेही तेथे हरित मार्ग झाले आहेत. खडीच्या वाटेवरच्या या सायकलस्वारीला आता 'ग्रॅव्हल' असे नाव मिळाले असून त्यासाठी वेगळ्या सायकली विकल्या जातात. नाव नवे आहे, वाट आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे तिला मुरमाची वाट म्हणतात.

मग आपल्याकडे अशी वाट कोठे आहे? सर्वार्थाने मोटारमुक्त म्हणावे असे जवळचे ठिकाण एकच, माथेरान. 1850 साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते प्रकाशात आणले. दस्तुरी नाक्यापलीकडे खासगी मोटार जात नाही, पायाखाली तांबडी माती आणि डोक्यावर झाडांची सावली. परंतु तेथे सायकल घरी ठेवून पायीच हिंडावे, असे मी सुचवीन. घोडे आणि पर्यटक यांच्या गर्दीत सायकलीची भर नको.

ठाणेकरांना येऊर जवळचे. उपवन तलावाच्या वरच्या अंगाला वनखात्याची चौकी ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते. रस्ता डांबरी आहे आणि सुरुवातीचा चढ छातीवर येणारा आहे. शनिवारी-रविवारी हॉटेलांकडे जाणाऱ्या मोटारी वाढतात, म्हणून तेथे आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. उद्यानात बिबटे आहेत, तेव्हा पुरते उजाडल्यावरच निघावे, आणि आडवाटेला सायकल घालू नये. ते संरक्षित जंगल आहे, आपण तेथे पाहुणे आहोत.

खरी मुरमाड, दगडगोट्यांची वाट हवी असेल तर वसई तालुक्यातील तुंगारेश्वर अभयारण्य. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आत वळले की थोड्याच वेळात महामार्गाचा आवाज मागे पडतो. वाट चढत जाते, ओढे आडवे येतात, कोठे मुरूम, कोठे नुसतीच खडी. देवळाकडे जाणारे भाविक आणि थोडी वाहने भेटतात, महाशिवरात्रीला तर फारच. पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात, ते आधी पाहून घ्यावेत. येथे ताशी दहा-बारा किलोमीटर वेगातही दम लागतो, आणि वैद्यकीय दृष्टीने हीच या वाटेची थोरवी आहे. श्रम पुरते होतात, वेग मात्र कमी राहतो. पडलाच तर माणूस मातीत पडतो, मागून येणाऱ्या चाकाखाली नव्हे.

अर्थात मुरमाचीही स्वतःची दुखणी आहेत. हॅण्डलचा सततचा थरथराट तळहाताच्या कडेने जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आणतो, मग करंगळी आणि अनामिका बधिर होतात. दर पाच-दहा मिनिटांनी हातांची पकड बदलावी, मनगट मोडून ठेवू नये. रुंद टायर, साधारण 35 ते 45 मिलिमीटरचे, आणि त्यांत हवा जरा कमी ठेवली की निम्मा त्रास ओसरतो. आमच्या लहानपणी हवा दगडासारखी टणक भरण्यात शौर्य वाटे, ते विसरावे. आसनाची उंची अशी असावी की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आसन फार खाली असले की गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागतात, आणि रुग्ण दोष सायकलीला देतो.

पंचेचाळिशीनंतर प्रथमच चढ चढणार असाल, त्यातही रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घराण्यात हृदयविकार असेल, तर आधी तपासणी करून घ्या. चढावर छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली आणि थांबल्यावर ती ओसरली, तर ती 'ॲसिडिटी' समजू नका. तेथेच थांबा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. विसावा घेऊनही दुखणे ओसरले नाही, तर 108. साखर उतरवणारी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

पावसाळा सरताना पायाला खरचटलेले असेल आणि साचलेल्या पाण्यातून सायकल नेली असेल, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आलेला ताप साधा समजू नये. विशेषतः पोटऱ्या फार दुखत असतील आणि डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की मी जंगलातल्या पाण्यातून गेलो होतो. रुग्ण हे सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारायला विसरतो. फुरसे दगडांच्या कपारीत असते, म्हणून दगडाखाली हात घालू नये. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणे नको, चिरा देणे नको. अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

माझ्या त्या गृहस्थांचे हाड सात आठवड्यांत जुळले. जानेवारीत मी त्यांच्या कागदावर पुन्हा सायकल लिहिली, आणि या वेळी पुढे लिहिले : रविवार, सकाळ, बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूला. मुख्य रस्ता डांबरीच आहे, पण रविवारी सकाळी लवकर गेले तर निवांत असतो, आणि पाड्यांकडे फुटणाऱ्या मातीच्या वाटांवर सायकल सावकाश नेता येते. पहिल्या रविवारी मीही बरोबर गेलो. माझी सायकल जुनी, माझे गुडघे तिच्याहून जुने. दोनदा उतरून चालावे लागले. एका पाड्यावरच्या आजींनी आम्हाला पाणी दिले आणि विचारले, "गाडी बिघडली का?" आमच्या वयाची माणसे हौसेने सायकल चालवतात, हे त्यांना काही केल्या पटेना.

आता त्यांची मुलगीही त्यांच्याबरोबर जाते. गेल्या तपासणीत सरासरी साखर 5.9 आली. आहारही सुधारला आहे, तेव्हा सगळे श्रेय मी सायकलीला देणार नाही. त्या दिवशी त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मला सायकल येतच नाही हो डॉक्टर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकता येते का?"

येते. सपाट मैदान निवडावे, दोन्ही पॅडल काढून टाकावीत आणि दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतके आसन खाली घ्यावे. मग पायांनी रेटा देत सायकल पुढे ढकलावी, तोल सापडला की पाय उचलून धरावेत. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. पॅडल परत लावायची घाई करू नये. त्यांना मी पंधरा दिवस सांगितले आहेत.