कर्करुग्णांचा व्यायाम : सल्ला पुरे, सोबत हवी

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात पंचवीस वर्षे हिशेब सांभाळणारे एक गृहस्थ मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून वाचले. शस्त्रक्रिया झाली, नंतर सहा महिने केमोथेरपी झाली आणि एके दिवशी रुग्णालयाने त्यांच्या हाती अखेरचा कागद ठेवला. औषधांच्या यादीखाली शेवटची ओळ होती : ‘नियमित व्यायाम करावा.’ घरी मात्र त्यांच्या वाट्याला आरामखुर्ची आली. पाण्याचा पेला उचलू लागले तरी घरातील चार हात पुढे येत. भेटीस येणारा प्रत्येक जण ‘आता फक्त आराम करा’ असे बजावून जाई. एकदा त्यांनी मला विचारले, ‘सर, नियमित व्यायाम म्हणजे नेमके किती चालायचे? धाप लागली तर थांबायचे की चालत राहायचे?’ अर्थशास्त्राच्या अध्यापकापाशी याचे उत्तर नव्हते. त्या कागदातही ते नव्हते.

दुखणाइताला विश्रांती द्यावी हा आपला जुना संस्कार आहे, आणि त्यामागील माया खरी आहे. परंतु कर्करोगाच्या उपचारांनंतर येणारा थकवा केवळ पडून राहिल्याने जात नाही. स्नायू झिजतात, दम कमी होतो आणि थोड्या श्रमाने अधिक थकवा येऊ लागतो. अमेरिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत म्हटले आहे की, आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम गतीचा व्यायाम आणि दोनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम केल्यास थकवा व चिंता कमी होतात. २०२२ मध्ये तेथील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यापुढे जाऊन, बरे करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतानाही डॉक्टरांनी व्यायाम सांगावा, अशी शिफारस केली.

तथापि, खरा बोध २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून होतो. मुख्यतः कॅनडा व ऑस्ट्रेलियातील ५५ केंद्रांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचे, केमोथेरपी संपल्यावर, दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला त्याच माहितीसोबत एक मार्गदर्शक दिला. तो आरंभी दर पंधरवड्याला आणि पुढे महिन्यातून एकदा, असा तीन वर्षे रुग्णाच्या व्यायामाची विचारपूस करीत होता. अपेक्षा माफक होती : आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालण्याइतकी भर. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के, तर सोबतीच्या गटात ८०.३ टक्के होते. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८३.२ आणि ९०.३ टक्के भरले. शंभरांमागे सात माणसे! ‘व्यायाम करा’ हा उपदेश दोन्ही गटांना उपलब्ध होता. अंतर पडले ते सोबतीमुळे.

एका प्रकारच्या कर्करोगाचा निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करता येणार नाही, आणि व्यायाम हा उपचारांना पर्यायही नाही. शिवाय त्याच प्रयोगात व्यायाम करणाऱ्या गटात स्नायू व सांध्यांच्या दुखापती काहीशा अधिक आढळल्या. ज्याचा रोग हाडांत उतरला आहे, त्याने कोणते वजन उचलावे हे शेजाऱ्याने सांगून चालणार नाही. म्हणूनच जाणत्या माणसाची गरज अधिक ठरते.

विदर्भात तर ही गरज फारच ठळक आहे. खर्ऱ्याच्या पुडीने आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे जे पीक आणले, त्याच्या रुग्णांना शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर तोंड पुरेसे उघडता येत नाही. मानेतील गाठी काढताना मज्जातंतू दुखावल्यास खांदा उतरतो आणि हात वर जात नाही. ज्याचे पोट हमालीवर वा रिक्षावर चालते, त्याचा खांदा गेला म्हणजे रोजगार गेला. जबड्याचे आणि खांद्याचे व्यायाम वेळेवर व सातत्याने करून घेतले, तर यातील बरेच नुकसान टळू शकते. स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजतो म्हणून स्त्रियांना वजन उचलण्याची मनाई केली जाई. २००९ साली हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवरील प्रयोगाने दाखविले की, देखरेखीखाली बेताबेताने वजन वाढवीत नेल्यास सूज वाढत नाही. येथेही ‘देखरेखीखाली’ हाच शब्द महत्त्वाचा.

मग ही सोबत मिळत का नाही? औषधामागे उत्पादक असतो, विक्रेता असतो, प्रचारक असतो; चालण्यामागे कोणीही उभा नसतो. ज्या वस्तूची किंमत लागत नाही, तिचा पुरवठा बाजार करीत नाही. अशा ठिकाणी समाजाने व शासनाने पुढे यावे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने गरीब कुटुंबांवरील उपचारांचा बोजा हलका केला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु अशा योजनांची मांडणी शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी अशा प्रक्रियांभोवती असते. रुग्ण घरी गेल्यानंतरच्या तीन वर्षांचा हिशेब त्यात ठळकपणे मांडला जात नाही.

खर्चाचा अंदाज घेऊ. एका मार्गदर्शकाने दिवसाला बारा रुग्णांना प्रत्येकी अर्धा तास दिला, तर सहा दिवसांत बहात्तर भेटी होतात. प्रत्येक रुग्ण पंधरवड्यातून एकदा आला, तर एका पगारात एकशे चव्वेचाळीस रुग्ण सांभाळले जातील. महागड्या औषधांच्या तुलनेत हा खर्च किती अल्प आहे, हे सांगावयास नको.

नागपुरात यासाठी लागणारे बहुतेक साहित्य जागेवरच आहे. मेडिकल आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आहेत. विनामूल्य योग शिकविणारे रामनगरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. प्रत्येक कर्करोग विभागात व्यायाम-मार्गदर्शकाचे एक पद असावे. त्याने रुग्णाची तपासणी करून लेखी कार्यक्रम द्यावा आणि घराजवळच्या योगवर्गाशी वा व्यायामशाळेशी त्याची गाठ घालून द्यावी. गडचिरोली-गोंदियाच्या रुग्णाला दर पंधरवड्याला नागपूरचे भाडे परवडणार नाही. त्याची विचारपूस दूरध्वनीवरून आणि गावच्या आशा कार्यकर्तीमार्फत करता येईल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा पहाटेची वेळ, एरवी सोयीची वेळ, इतकाही तपशील कोणीतरी सांगावा लागतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे १९६८ साली कर्करोगानेच निधन झाले. एकट्याने अवघड वाटणारी गोष्ट समुदायात सोपी होते, हे त्यांनी सामुदायिक प्रार्थनेतून आणि श्रमदानातून या प्रदेशाला शिकविले. तोच मार्ग येथे अनुसरता येईल.

आमचे ते हिशेबनीस आता आठवड्यातून चार दिवस पहाटे अंबाझरीला फिरतात. शेजारच्या दोन निवृत्त शिक्षकांनी त्यांना खुर्चीतून उठविले, आणि ज्या दिवशी ते येत नाहीत त्या दिवशी दोघेही दारात येऊन उभे राहतात. त्यांना ही सोबत योगायोगाने लाभली. ज्याला असे शेजारी नाहीत, त्याला ती हक्काने मिळाली पाहिजे.