नव्या गाण्याचे पैसे कोण देणार?

दिवाळी पहाटेचे फलक चौकाचौकांत लागले की या सदराच्या वाचकांची पत्रं एकाच सुरात येऊ लागतात. पूर्वीची गाणी काय होती आणि आता कानावर काय आदळतं! शब्दाला अर्थ नाही, चालीला जीव नाही, सगळी नुसती ठोकाठोक. पत्रांमधला राग खरा असतो. ज्याला गाण्याची आच आहे तोच असं चिडून लिहितो, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं. मी सुरुवात १९५२पासून करतो.

त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, पॅरिसला शिकलेले, अभिजात संगीताचे कट्टर भक्त. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांचा वेळ कमी झाला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद झालं, कारण ती फुकटची जाहिरात ठरत होती. निर्माते रागावले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या आणि सिनेमाचं गाणं काही काळ आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. 'बिनाका गीतमाला' आणि अमीन सयानी घराघरांत पोचले ते याच काळात. अखेर ऑक्टोबर १९५७मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ती वाट पुन्हा मोकळी करावी लागली.

आता त्याच वर्षांत कोणती गाणी येत होती ते पाहा. १९५२चा 'बैजू बावरा'. नौशाद यांनी त्यातल्या एकेका गाण्याला रागाचा भक्कम पाया दिला होता आणि त्यासाठी अमीर खाँसाहेब आणि द. वि. पलुस्कर गायले होते. १९५३चा 'अनारकली', आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा. आज जी सुवर्णकाळातली म्हणून आपण डोळे मिटून ऐकतो, त्या गाण्यांच्या ऐन बहरात देशाचा नभोवाणीमंत्री म्हणत होता की गाण्याचा ऱ्हास झाला आहे. केसकरांचा कान कच्चा नव्हता. उलट चांगला तयार होता. तयार कानाचा माणूससुद्धा आपल्या काळातल्या नव्या गाण्यावर निकाल देताना इतका चुकू शकतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

यात वयाचाही भाग आहे. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८९मध्ये दाखवून दिलं की माणसाला सर्वांत जास्त आवडतात ती गाणी त्याच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली असतात. शिवाय जुन्यातलं वाईट कधीच विसरलं गेलेलं असतं. उरलेल्या निवडक गाण्यांशी आपण आजच्या सगळ्या गर्दीची तुलना करतो.

पण एवढ्यावर पत्र लिहिणाऱ्यांना गप्प करणं मला मान्य नाही. गाणं मोजून पाहणाऱ्यांना काही बदल सापडले आहेत. जोन सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये १९५५ ते २०१० या काळातल्या साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणांचा हिशेब मांडला. स्वरांच्या जुळण्यांतली विविधता घटलेली, वाद्यांच्या नादातलं वैविध्य आटलेलं आणि आवाजाची पातळी मात्र चढत गेलेली, असं त्यांना दिसलं. २०१५मध्ये लंडनच्या संशोधकांनी अमेरिकेतली सतरा हजार गाणी तपासली, तेव्हा असा सरळ उतार दिसला नाही. २०२४च्या एका अभ्यासात इंग्रजी गाण्यांचे शब्द गेल्या पन्नास वर्षांत सोपे आणि जास्त पुनरुक्तीचे झालेले आढळले. हे सगळं तिकडच्या गाण्यांबद्दल आहे. आणि स्वर कमी म्हणजे दर्जा कमी, हे माप मी मराठीला लावू देणार नाही. जात्यावरची ओवी तीन-चार स्वरांत फिरते. तिची चाल एकच, पुन्हा पुन्हा तीच. त्या मापाने बाईच्या जन्माचं सगळं दुःख आणि माहेरची सगळी ओढ सामावणारं ते गाणं नापास होईल.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते केसकरांच्याच दुसऱ्या एका कामातून निघतं. सिनेमाच्या गाण्याला दार बंद केल्यावर रेडिओवर वाजवायचं काय, हा प्रश्न होताच. त्यासाठी आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवी, संगीतकार, वादक यांना कामं मिळाली, काहींना तर चक्क पगाराची नोकरी. मंत्र्यांचा निकाल चुकला, पण त्या निकालापोटी नव्या गाण्यावर सरकारी पैसा खर्च झाला आणि त्याचं पीक मराठीला भरघोस मिळालं.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी 'गीतरामायण' सुरू झालं. पुणे केंद्र सुरू होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. केंद्रावरचे सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे स्नेही. वर्षभर चालेल असं काहीतरी करा, हा आग्रह त्यांचा. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि दर आठवड्याला एक नवं गाणं श्रोत्यांपुढे यायचं. त्या वर्षी अधिक मास आल्याने पुढच्या रामनवमीपर्यंत गाण्यांची संख्या ५६ झाली. फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर अशा किती गळ्यांतून ते रामायण उतरलं! लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत, ही आठवण आपल्याकडे सगळे सांगतात. त्यामागचा आठवड्याचा धाक फारसं कुणी सांगत नाही. हा आठवडा संपला की पुढचं गीत हवंच. शब्द मिळाले की चाल हवी, चाल झाली की गायक आणि वादक बसवायला हवेत. प्रतिभा दोघांकडे होतीच. तिला वर्षभराचं काम, ठरलेला दिवस आणि समोर वाट पाहणारा श्रोता एका सरकारी केंद्राने दिला.

'गीतरामायण' एकटं नाही. मंगेश पाडगावकर आकाशवाणीत होते, यशवंत देव होते, श्रीनिवास खळे होते. राम फाटक पुणे केंद्रात नोकरीला होते, आणि भीमसेन जोशींच्या आवाजातले जे अभंग आज आपण आषाढीला हटकून लावतो, त्यांतल्या कितीतरींची चाल फाटकांची आहे. महिनाअखेरीस पगार हातात पडत असल्यामुळे ही माणसं एखादी ओळ चार दिवस घोळवू शकत होती. आपण ज्याला त्या काळाची जादू म्हणतो, तिचा बराच भाग मला या निवांतपणात दिसतो.

हे दार सगळ्यांसाठी सारखं उघडं नव्हतं, हेही सांगायला हवं. वामनदादा कर्डकांचा खरा श्रोता रेडिओसमोर नव्हता, तो भीमजयंतीच्या मंडपात रात्र रात्र बसलेला होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंद्यांचा तो खणखणीत, उंच पट्टीचा आवाज एसटी स्टँडपासून चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलपर्यंत वाजू लागला. त्याही वेळी गाणं घसरलं म्हणून नाकं मुरडली गेली. मला ते घसरणं वाटत नाही. ज्यांचं गाणं मोजलंच जात नव्हतं, ते मोजलं जाऊ लागलं.

मग आज काय कमी आहे? गळे मुळीच कमी नाहीत. 'सारेगमप'सारख्या कार्यक्रमांनी गावोगावचे इतके सुरेल आवाज पुढे आणले की एवढी तयारी पूर्वी क्वचित दिसत असे. पण या मुलांनी गायलं काय? बहुतेक वेळा खळे, फडके, हृदयनाथ. वाहिनीने मंच दिला, वादक दिले, परीक्षक दिले, आणि कवीला मात्र कुणी बोलावलं नाही. दिवाळी पहाटेचंही तेच. प्रायोजक बँक असते, बिल्डर असतो, नगरसेवक असतो. पैसा असतो. पहाटे साडेपाचला नवी साडी नेसून, अत्तर लावून आलेला हजारभर श्रोता असतो. आणि व्यासपीठावर तीच तीस-चाळीस गाणी असतात. जुन्या गाण्याला इतका मोठा आश्रय आणि नव्याला जवळजवळ शून्य, असं असताना नवं गाणं दुबळं निघालं तर दोष गाणाऱ्या पोरांवर टाकू नये.

नव्या गाण्याला आज पैसा देतो तो मोबाइल. त्याच्या अटी कडक आहेत. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकलं असं धरतात. अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांत १९८०च्या दशकाच्या मध्याला गायकाचा आवाज येण्याआधी वीसेक सेकंद वाद्यं वाजत, २०१५पर्यंत हा वेळ पाच सेकंदांवर आला. मुखडा लगेच, अंतरा जमला तर. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४मध्ये जगभर नाचलं गेलं. जळगावकडचा हा मुलगा स्वतः लिहितो, स्वतः गातो, आणि रीलच्या अर्ध्या मिनिटात काय पकडायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ते कसब आहे आणि मी त्याला मान देतो. पण त्या अर्ध्या मिनिटात खळ्यांसारखी चाल मावत नाही. तिला वळणं घ्यायला जागा लागते. सिनेमाकडे अजून थोडी जागा आहे. 'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या स्टुडिओत जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण करून आले आणि ते गाणं वाडी-वस्तीवर वाजलं. पण असा सिनेमा वर्षातून कितीदा येणार? एकेकाळी इथेच, मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांनी भरलेले व्हायोलिनचे ताफे होते, त्यांचं काम नव्वदीपर्यंत सिंथेसायझरने बरंचसं घेतलं.

लोक नव्यासाठी पैसे देतात, याचे पुरावे आपल्याकडे आहेत. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या 'आयुष्यावर बोलू काही'ला लोकांनी तिकीट काढून गर्दी केली, आणि तिथे गाणी त्यांची स्वतःची होती. कौशल इनामदारांनी २०१०मध्ये सुरेश भटांच्या कवितेचं 'मराठी अभिमानगीत' केलं, तेव्हा चारशेहून अधिक गायक त्यात गायले आणि खर्चासाठी लोकांनी छोट्या छोट्या रकमा दिल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दिवाळी पहाटेने दरवर्षी एक गाणं नवं करून घ्यावं. कवी आणि संगीतकार गणपतीतच ठरवावेत, म्हणजे दोन महिने हातात राहतील. मानधन गायकाइतकंच द्यावं आणि फलकावर नावंही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावीत. नवं गाणं शेवटी, लोक चहाकडे वळलेले असताना उरकू नये. मध्यंतराआधी म्हणावं आणि त्याच सकाळी पुन्हा एकदा म्हणावं, कारण चाल दुसऱ्यांदा ऐकताना ओळखीची होते. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनालाही हे सहज जमेल. यातली बरीचशी गाणी पुढच्या वर्षी कुणाला आठवणार नाहीत. १९५५चीही बरीचशी आठवत नाहीत.

यंदा ज्या मंडळाने असं गाणं करून घेतलं असेल त्यांनी कवीच्या, संगीतकाराच्या आणि वादकांच्या नावांसह मला कळवावं. तुळशीच्या लग्नानंतरचे दोन आठवडे हे सदर त्या गाण्यांसाठी राखून ठेवलं आहे.