बिनव्याजी उसनवारी



कर्ज आपल्याला नवे नाही. सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून कापून जाते आणि उरेल त्यात वर्ष काढायचे. म्हणून उसनवारी म्हटली की माणूस बिचकतो. पण एका उसनवारीला व्याज नाही आणि जमिनीचे तारणही नाही. ती म्हणजे गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून घरी आणलेले पुस्तक.

या कामात आपला जिल्हा मागे नव्हता. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी! पुढे १९६७ साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. म्हणजे त्या कपाटांतल्या पुस्तकांत आपलाही पैसा आहे. मग ती पुस्तके धूळ खात का पडावीत?

ग्रंथालय आणि कारखाना यांचे तत्त्व एकच. एकट्याला कारखाना काढता येत नाही, म्हणून आपण शेअर्स घेतले. चारपाचशे रुपयांचे पुस्तक एकट्याला जड जाते, पण थोड्या वर्गणीत तेच पुस्तक शंभर घरे फिरते. तिथे दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सारखेच. प्रवरेला १९५० साली कारखाना सुरू झाला, तो शेतकऱ्याच्या भांडवलाला ज्ञानाची जोड मिळाली म्हणून. विठ्ठलराव विखे पाटलांचे शालेय शिक्षण थोडेच, पण त्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेतले. प्रत्येकाच्या दारी गाडगीळ कसे येणार? पुस्तक मात्र येऊ शकते.

काही जण म्हणतात, "आता मोबाईलवर सगळं मिळतं, पुस्तक कशाला?" मिळते, पण तुकड्या-तुकड्याने. पाटपाण्याने जमीन चोपण का होते, निचरा कसा काढायचा, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून घ्यायचे तर पुस्तक घेऊन बसावे लागते. आणि ज्याला चार पाने सलग वाचायची सवय आहे, तोच वार्षिक अहवालातला ताळेबंद वाचतो. उसाचा दर उताऱ्यावर ठरतो. तो उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च बघून तोच सभेत उठून प्रश्न विचारतो. बाकीचे 'मंजूर, मंजूर' म्हणून हात वर करतात. न वाचणारा सभासद हा कागदावरचाच मालक.

पुस्तक घरात आले की ते एकट्याचे राहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे त्यांनीच 'स्मृतिचित्रे' लिहिले, आणि राहुरी-नगरचे दिवस त्यात आहेत. आपल्या घरातल्या लेकी-सुनांच्या हाती हे पुस्तक पडायला नको का? स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरांना तर महागडी पुस्तके ग्रंथालयाचाच आधार.

तेव्हा मोळी पडण्याआधी एवढे करा. ग्रंथालयात जाऊन नाव नोंदवा, अनामत भरा. हवे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालाकडे लेखी मागणी करा. मागणीच नसेल तर नवी पुस्तके कुणासाठी आणायची? आणि नेलेले पुस्तक मुदतीत परत करा, कारण आपल्यामागे दुसरा सभासद वाट बघत असतो.